एका हौदाला तीन डवले

आमच्या घरात खरा शास्त्रज्ञ एकच होता आणि ती माझी आई. पण विद्यापीठाचा कागद माझ्या नावावर निघाला, त्यामुळे तिला कुणी काही विचारत नसे आणि मला अख्खी वाडी विचारी. हा अन्याय तिने फारसा मनाला लावून घेतला नाही. "कागद ऱ्हवांदे तुझ्याकडे. आदी हात धू आणि जेवूक बस," एवढंच ती म्हणायची. मी रसायनशास्त्रात दुसऱ्या वर्गात पास झालो होतो. हे लोकांना सांगताना मी 'रसायनशास्त्र' मोठ्याने म्हणायचो आणि बाकीचं पुटपुटायचो. आम्ही किरिस्ताव, आमच्याकडे आईला माय आणि वडलांना पाय म्हणतात. तर मायने मला मांजरपाटाचा एक पांढरा डगला शिवून दिला होता, डॉक्टर घालतात तसला. तो घालून मी वाडीतून निघालो की शेजारच्या दाजीकाकांची म्हैस दावं ताणून मागे सरायची. म्हशीला माझ्याबद्दल पहिल्या दिवसापासून शंका होती. माणसांना ती यायला महिनाभर लागला.

पाय मूळचा मालवणच्या किनाऱ्यावरचा, मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. खारेपाटणच्या वाटेवर आत डोंगरात वाळू धुण्याचा एक कारखाना निघाला आणि तिथले पंप सांभाळायला कारखान्याच्या मालकांनी, शेटनी, त्याला बोलावून घेतलं, म्हणून आम्ही समुद्र सोडून वर आलो. मायने ही गोष्ट पायला शेवटपर्यंत माफ केली नाही. मासा एक दिवस शिळा होऊन घरात येतो, या एका मुद्द्यावर ती कुठल्याही भांडणाचा शेवट करू शकायची. भांडण पावसाबद्दल असो की माझ्या अभ्यासाबद्दल, ते फिरून शिळ्या बांगड्यापाशी येऊन थांबायचं. तिच्या फळीवर माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याच्या बरण्या ओळीने उभ्या असत, चुलीवर सकाळची पेज रटरटत असे आणि निखाऱ्यावर सुका बांगडा. या सगळ्याच्या मागे कारखान्याचा आवाज, मोठ्या चाळणीची खरखर आणि पायच्या पंपाची धुकधुक. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की तो चालू असताना आम्ही गाढ झोपायचो आणि बंद पडला की सगळे दचकून उठायचो. पाय तर आधी पंपाकडे धावायचा आणि मग लुंगी शोधायचा.

कारखान्याचं काम सोपं होतं. डोंगर पोखरून गारगोटीची वाळू काढायची आणि वहाळाच्या पाण्याने ती धुवायची. धुतलेली स्वच्छ वाळू ट्रकात बसून काच व्हायला शहरात जायची आणि तिच्या अंगावरची पांढरी माती आमच्याकडे राहायची. शेटनी वहाळाला आडवा बांध घातला होता. त्यामुळे पावसाळा सरला की उरलंसुरलं सगळं पाणी त्या बांधात, आणि ते पाणी दुधासारखं. दुधासारखं म्हणजे वर्णनाला म्हणून नाही. नवीन आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने त्यात बोट बुडवून चाखून पाहिलं होतं. पाय म्हणायचा, ठेवून द्या, आपोआप निवळेल. पंधरा दिवस कारखाना बंद ठेवून पाहिला, तरी ते पाणी होतं तस्सं राहिलं. आदल्या वर्षी तेच पाणी खालच्या वायंगण शेतीत शिरलं. वायंगण म्हणजे पावसाळी भातानंतर वहाळाच्या पाण्यावर घेतलेलं दुसरं पीक. दाजीकाकांच्या कोपऱ्यांवर, म्हणजे त्यांच्या भाताच्या लहान तुकड्यांवर, पांढरी साय धरली, ती सुकून पापडासारखी तडकली आणि खाली भाताची रोपं श्वास कोंडून पिवळी पडली. म्हणून या वर्षी दाजीकाकांनी बांधाकडून शेतात येणाऱ्या पाटाच्या तोंडाची लाकडी फळी खाली पाडली आणि त्यावर धोंडा ठेवला. पाणी निवळ झाल्याशिवाय फळी उघडायची नाही. अडचण एवढीच की त्यांचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, तयार होऊन वाफ्यात उभा होता. पाणी नाही मिळालं तर तो वाळणार आणि पांढरं पाणी मिळालं तर मरणार. फार तर दहा-बारा दिवस तो तग धरणार होता. सगळं पाणी शेटच्या बांधात अडकलेलं, आणि विहिरीत पिण्यापुरतंच.

अशा वेळी देव माणूस पाठवतो म्हणतात. आमच्याकडे त्याने मला पाठवलं.

शेटनी शहरातून एक गोणी आणली. आत साखरेसारखी पांढरी पावडर आणि बरोबर इंग्रजी कागद. शेटनी तो कागद उलटा धरून वाचला आणि माझ्याकडे दिला. "तुम्ही शिकलेले. बघा काय ते." नोकरीची मुलाखत एवढ्यावरच संपली. कागदावर लिहिलं होतं की पावडर पाण्यात हळूहळू, चिमटी-चिमटीने सोडावी. मी पदवीधर असल्यामुळे हा भाग सामान्य लोकांसाठी असणार असं समजून वाटीभर एकदम ओतली. तिच्या गाठी झाल्या, बाहेरून बुळबुळीत आणि आतून कोरड्या, मेलेल्या माशाच्या डोळ्यांसारख्या. त्या मी दोन दिवस काठीने ढवळत होतो. तिसऱ्या दिवशी पावडर घरी आणली, कारण माझी प्रयोगशाळा म्हणजे मायचं स्वयंपाकघर. तिथे थोडी जमिनीवर सांडली. मायने नेहमीप्रमाणे ओलं फडकं मारलं. पाय तेव्हाच बाहेरून आला, त्याने उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवलं आणि न चालता थेट चुलीपाशी पोचला. तिथे त्याने मायचा पदर धरला आणि दोघंही खाली. "पाणी मारू नका, आणखी घसरेल!" मी ओरडलो, पण तोपर्यंत मायने घागर उपडी केली होती. मग मला मदतीला जावंसं वाटलं आणि मीही गेलो, बसून. आम्ही तिघं जमिनीवर बसून एकमेकांकडे पाहत होतो. "ह्या शिकूक आमी तुका कॉलेजात घातलांव?" पायने शांतपणे विचारलं. शेवटी मायने चुलीतली राख आणि मूठमूठ खडे मीठ पसरून ती जागा आवरली. मीठच का, हे मी तिला विचारलं नाही. शास्त्रज्ञाने स्वयंपाकिणीला विचारायचं असतं का?

पण पावडर खरी गुणाची होती, हे मला मायच्या शिरक्याच्या रिकाम्या बरणीत कळलं. बरणीत बांधाचं पांढरं पाणी घेतलं, पावडरीच्या चिकट पाण्याचे दोन-तीन थेंब सोडले, बरणी हलकेच गोल फिरवली आणि खाली ठेवली. पाहता पाहता दुधात मोहरीएवढे दाणे दिसू लागले, दाण्यांचे पुंजके झाले, नासलेल्या दुधासारखे, आणि सगळे मिळून तळाला निघाले. वर पाणी असं नितळ की पलीकडची मायची मुद्रा स्पष्ट दिसली. ती खूश नव्हती, कारण बरणी तिची होती. त्या दुपारी मी पहिल्यांदा कागद सरळ बसून वाचला. ही माती इतकी बारीक की तिचा प्रत्येक कण अंगावर सारखाच विद्युतभार घेऊन फिरतो आणि दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. त्यामुळे त्यांचा गट जमत नाही, आणि एकट्याचं वजन ते काय, की तो बुडेल? पावडर पाण्यात विरली की तिच्या रेणूच्या लांबच लांब दोऱ्या होतात. दोरीचं एक टोक एका कणाला चिकटतं, मधला वेढा दुसऱ्याला, पुढचा तिसऱ्याला. दाजीकाकांना मी हे रापणीवरून समजावलं. समुद्रात सोडलेलं ते लांबलचक जाळं ओढायला किनाऱ्यावर एका दोरीला पन्नास माणसं लागतात, तेव्हा ते मासळीसकट बाहेर येतं. तशी ही दोरी, आणि कण म्हणजे माणसं.

दाजीकाका माझ्या बरणीकडे बराच वेळ बघत राहिले. अंगात बंडी, कमरेला कोयता, बोलणं कमी. "बरणीत जाला," ते म्हणाले. "हौदात जायत?"

"बरणीत होतं ते हौदात होतंच, काका. प्रमाण वाढवायचं फक्त."

"मगे वाढय प्रमाण," ते म्हणाले. हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं.

आता तारकर्लीला मुलाच्या पर्यटक निवासाच्या पडवीत बसून हे लिहितोय. समुद्राचा तळ दिसतो म्हणून लोक कुठून कुठून इथे येतात आणि पाण्यात तोंड घालून बघत राहतात. पाण्याचा तळ दिसणं ही किती मेहनतीची गोष्ट आहे हे मी त्यांना सांगायला लागलो की आतून मुलगा हाक मारतो, "पाय, गिऱ्हाइकांका सुखान जेवांदे." माझ्या विद्वत्तेची कदर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही अशीच चालत आलेली आहे.

तर हौद. बांधाच्या कडेला सिमेंटचे चार हौद होते, त्यांतलं पाणी खाली पाटात उतरायचं. त्यातला एक पायच्या पंपाने पांढऱ्या पाण्याने भरून घेतला. बरणीवरून मी हिशेब मांडला होता आणि तो, सांगायला आश्चर्य वाटतं, बरोबर होता. पावडरीचं घट्ट पाणी एका पिंपात तयार होतं आणि मायच्या करवंटीच्या डवल्याने, म्हणजे पळीने, ते एका हौदाला तीन डवले घालायचं. पायने जुन्या होडीचा पंखा एका मोटारीला जोडून ढवळणी बनवली होती. कागदात लिहिलं होतं की घालताना अगदी थोडा वेळ जोरात ढवळा, मग अगदी हळू, नाहीतर जमलेले पुंजके फुटतील. पायच्या मोटारीला हळू हा प्रकार माहीत नव्हता. ती चालू व्हायची किंवा बंद. म्हणून ठरलं असं की मोटार मिनिटभर चालवायची आणि पायने बटण बंद करायचं.

वाडी जमली. शेट आले, पांढरे बूट घालून. माय किटलीत चहा घेऊन आली. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. ग्रामदेवतेला साकडं घालायचं, ते घालणाऱ्याने वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान दाजीकाकांचा. त्यांचं गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, मोजून चार वाक्यांचं असायचं. इथे माझ्या डोक्यात नाटक शिरलं. मी ठरवलं की तीन डवले आधीच घालायचे, गाऱ्हाणं चालू असताना मोटार फिरेल, शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला पाय बटण बंद करेल आणि लोक डोळे उघडतील तो समोर नितळ पाणी. देव आणि मी, दोघांचंही नाव व्हायचं. त्यात माझं जरा जास्त.

तीन डवले घातले. पायने मोटार सुरू केली, छातीवर खुरीस, म्हणजे क्रूस, काढला, हात जोडले आणि डोळे मिटले. दाजीकाका नारळ घेऊन पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या हौदाकडे सगळी लेकरा जमलेली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

हौदात दाणे दिसू लागले. मोहरीएवढे, सुंदर. मी मनातल्या मनात वाकून लोकांच्या टाळ्या घेतल्या.

"किरिस्तावाच्या झिलान हय कसलीशी पावडर घातल्यान आसा. ती आमका कळना नाय. तुका कळता. काय चुकला-माकला तर सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!"

इथे त्यांचं गाऱ्हाणं संपायला हवं होतं. पण आज प्रश्न त्यांच्या तरव्याचा होता. दाजीकाकांनी खालचा कोपरा घेतला, वरचा कोपरा घेतला, गेल्या वर्षी पिवळ्या पडलेल्या रोपांची आठवण देवाला करून दिली, मेलेल्या बैलाचं नाव घेतलं, आजा-पणजाने शेताच्या कडेला घातलेल्या मातीच्या मेरेचं नाव घेतलं. एरवी दिवसभरात न बोललेले सगळे शब्द त्यांनी त्या दिवसासाठी राखून ठेवले होते. आणि हौदात पायचा पंखा गरगरत होता. माझ्या डोळ्यांदेखत ते मोहरीएवढे दाणे रव्याएवढे झाले, रव्याचं पीठ झालं आणि पिठाचं परत दूध. मला वाटलं, कमी पडलं. पंखा फिरत असताना हौदात काहीच तळाला जात नाही हे वाडीतल्या कोंबडीलाही कळलं असतं, पण कोंबडी रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. बटण पायच्या हाताशी, पाय डोळे मिटून हौदाच्या त्या बाजूला, आणि चालू गाऱ्हाण्यात ओरडायची माझी काय बिशाद! मग मला सुचलं की सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. पुढच्या 'व्हय म्हाराजा'च्या गजरात मी हळूच एक डवला ओतला. त्याच्या पुढच्या गजरात आणखी एक. देवाने ऐकावं म्हणून दाजीकाका वाक्यं वाढवत होते आणि पाण्याने ऐकावं म्हणून मी डवले. दोघांचीही श्रद्धा वाखाणण्यासारखी होती. गाऱ्हाणं संपलं तेव्हा एकूण अकरा डवले झाले होते.

नारळ फुटला. पायने बटण बंद केलं. वाडीने डोळे उघडून हौदात पाहिलं. पाणी पांढरंच होतं. वर जरा बुळबुळीत झालं होतं.

"बसात, बसात. वायच थांबा," मी म्हणालो. थांबले. चहा झाला. पाणी होतं तसंच. दाजीकाकांनी हात घालून वर काढला, तर बोटांवरून भेंडीच्या तारेसारखी तार लोंबली.

"किती घातलंस रे, इनास?" पायने विचारलं.

"तीन," मी म्हणालो. किती चटकन म्हणालो!

पायने पिंपाकडे पाहिलं, पिंपातली पातळी पाहिली, आणि माझ्याकडे पाहिलं. शेट मात्र घाईत होते. ते आपल्या शहरी मराठीत म्हणाले, "सुरुवातीला थोडं पांढरं राहणारच. खाली शेतात गेलं की बसेल आपोआप. उघडा फळी." दाजीकाकांनी बोटं बंडीला पुसली. मला वाटलं ते नाही म्हणतील, भांडतील, आणि माझी सुटका होईल. ते म्हणाले, "इनासान तीन सांगल्यान म्हंजे तीन. आवशी-बापाशीचो हात धरून आमच्या खळ्यात चलूक शिकलो तो. उघडा." आणि ते स्वतः वाकून फळीवरचा धोंडा बाजूला करू लागले.

माणसाला आयुष्यात मोठेपणा दाखवायच्या दोन-चार संधी येतात. माझी ही पहिलीच होती, आणि ती मी डोळे गच्च मिटून, जवळजवळ रडत घेतली. "अकरा!" मी ओरडलो. "काका, अकरा घातलंय! गाऱ्हाण्यात चोरून घातलंय!"

शेटच्या हातातला चहा बशीत सांडला. दाजीकाका धोंड्यावर हात ठेवून तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश ताठ झाले.

"अकरा?" ते म्हणाले. "मेल्या, ह्यो काय सत्यनारायणाचो परसाद?"

कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं हसण्यावर निभावेल. पण दाजीकाका हसत नव्हते. ते खाली वाफ्याकडे बघत होते. दुपारच्या उन्हात रोपांच्या शेंड्यांनी माना टाकल्या होत्या. "माजो तरवो पाच दिस थांबलो," ते म्हणाले, माझ्याकडे नाही, पायकडे बघून. "जुझे, आता काय करू, ता तू सांग." पायने नुसता मोटारीच्या बटणावर हात ठेवला. पंप सांभाळणारा माणूस तो, त्याच्याकडे बंद आणि चालू एवढंच होतं.

बोलली ती माय. किटलीचं झाकण लावत, जणू तिला कुणी विचारलंच होतं. "कालवणात मीठ जास्ती पडला तर काय करतत? मीठ काय वेचून काडतत? कालवण वाढवतत."

"माय, हे कालवण नाही," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्ख झालं. कणांना मी इतक्या दोऱ्या दिल्या होत्या की प्रत्येक कण आपापली दोरी अंगाभोवती गुंडाळून उभा होता. पन्नास माणसांना पन्नास दोऱ्या वाटल्या, तर रापण ओढणार कोण? दोऱ्या आता परत घेता येणार नव्हत्या. माणसं वाढवता येणार होती. म्हणजे हे घाण झालेलं पाणी निवळायला त्यात आणखी घाण पाणी घालायचं.

हे मी वाडीला सांगितलं. अकरा डवले घातल्याची कबुली दिल्यानंतर लगेच पाच मिनिटांनी 'आता घाणीत घाण मिसळू या' असं सुचवणाऱ्या माणसावर कोण किती विश्वास ठेवील? शेट आपल्या गाडीत जाऊन बसले. एक म्हातारी म्हणाली, "जुझे, झिलाक एकदा दाखव रे कोणाकतरी. नजर लागली आसतली." पण दाजीकाका म्हणाले, "बरणी हाड." मायने बरणी आणली, धुवून, नाक मुरडून. सगळ्यांच्या पुढ्यात मी हौदातलं एक माप पाणी आणि बांधातलं एक माप घेतलं. काही झालं नाही. दोन मापं घेतली, तरीही काही नाही. माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ डगल्यात उतरत होते. तिसऱ्या मापाला, बरणी अगदी सावकाश फिरवताना, तळाजवळ धुरासारखं काहीतरी जमू लागलं. दाणे आले. पहिल्यासारखे टपोरे नाहीत. पंख्याने दोऱ्या तोडल्या होत्या ना! बारीक, आळशी दाणे. पण ते खाली निघाले.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं, म्हणजे खरं होतं. खराब हौदातलं पाव पाणी तसंच ठेवून उरलेलं बादल्यांनी बाकीच्या तीन रिकाम्या हौदांत सारखं वाटलं आणि चारही हौद बांधाच्या पांढऱ्या पाण्याने काठोकाठ भरले. पंखा कुणी लावू दिला नाही. दाजीकाकांनी एक लांब बांबू घेतला, त्याला खाली फळकूट बांधलं आणि हौदात तो अगदी हळू फिरवू लागले, चुलीवर पेज ढवळतात तसा. मी दुसऱ्या हौदात फिरवायला घेतला तर म्हणाले, "सावकाश. तुज्या पाटी वाघ लागलो हा?" चारही हौद व्हायला ऊन कलंडलं. पाणी नितळ झालं नाही, खोटं कशाला सांगू? तांदळाच्या दुसऱ्या धुवणाएवढं राहिलं. तळाला मात्र हातभर गाळ बसला होता, आणि वरच्या पाण्यात बुडवलेला दाजीकाकांचा कोयता मुठीपर्यंत दिसत होता.

दाजीकाकांनी फळी बोटभर उचलली आणि पाणी एकाच कोपऱ्यात घेतलं, सगळ्यात लहान आणि अगदी खालच्या. मग परत पाडली. "ह्या एका कोपऱ्यात लावणी करूया. रोपां धरली तर बाकीच्यात. नाय धरली तर शेटीचो कारखानो हय नाय, आणि तू आमच्या खळ्यात नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चिखलात मी वाकलेला होतो. पाणी माझं, म्हणून लावणीही माझी, असा निकाल बायकांनी परस्पर लावून टाकला होता. माझी रांग म्हशीच्या वाटेसारखी वळत गेली. "तीन-तीन काडये लाय रे, अकरा नको!" दाजीकाकांची बायको मेरेवरून ओरडली. हे वाक्य त्या वाडीत पुढे कितीतरी वर्षं टिकलं. माझ्या लग्नात ते पुन्हा ऐकलं, पोरं किती होऊ द्यायची या संदर्भात.

त्यानंतरचे सहा दिवस मात्र मला विनोदी करता येत नाहीत. लावलेलं रोप आधी आडवं पडतं, पिवळट होतं, आणि मग एकतर ते मान उचलतं किंवा उचलत नाही. वाफ्यातला बाकीचा तरवा इकडे वाळत होता. दाजीकाकांची बायको विहिरीतून घागर-घागर आणून त्याच्यावर शिंपडायची, आणि पिण्याचं पाणी कमी पडलं म्हणून वाडी कुरकुरायची नाही, हे जास्त लागायचं. निकाल लागेपर्यंत पंप बंद होता, त्यामुळे घरात कुणाला झोप नव्हती. पाय भाकरी तोडायचा आणि ताटात ठेवून द्यायचा. मी रोज सकाळी मेरेवर जायचो. दाजीकाका आधीच तिथे बसलेले असायचे. ते चिखलात बोट घालून पाहायचे, पांढरी साय धरली का. मी त्यांच्या बोटाकडे बघायचो. डोंगराएवढ्या विद्येचा भार त्या बोटाच्या टोकावर होता.

सहाव्या दिवशी मी पोचलो तेव्हा ते बसलेले नव्हते, कोपऱ्यात उतरून उभे होते, पोटऱ्यांपर्यंत. रोपांची मधली पाती सरळ वर आली होती. हिरवी. माझ्या वाकड्या रांगेतलीसुद्धा. दाजीकाका चिखलातून बाहेर आले, माझ्या शेजारून पुढे गेले, पाटाच्या तोंडाशी वाकले, धोंडा उचलून मेरेच्या पलीकडे फेकला आणि दोन्ही हातांनी फळी पूर्ण वर ओढली. पाणी त्यांच्या पायांवरून शेतात शिरलं. मी तसाच उभा होतो.

"बघतंस काय?" ते मागे न वळता म्हणाले. "बापाशीक सांग, पंप लाव म्हणान. हौद रिकामे जातले आता."